डर्ज आणि त्याची सख्खी बहीण

इंग्रजीत एखादं गाणं फारच संथ आणि रडकं असलं की लोक त्याला डर्ज म्हणून मोकळे होतात. इंग्लंडात तर स्वतःच्या राष्ट्रगीतालाही, मॅचच्या आधी वाजलं की, काय हे डर्ज लावलंय म्हणून नावं ठेवणारे कितीतरी आहेत. डिक्शनरीतला अर्थ सरळ आहे, शोकगीत, मयताच्या वेळी गायचं.

पण मुळात जाऊन बघितलं तर त्यात रडणं नाहीच! मूळ शब्द लॅटिन, दिरिगे, म्हणजे 'वाट दाखव'. मध्ययुगात कुणी गेलं की चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना व्हायच्या, त्यातल्या पहाटेच्या प्रार्थनेची सुरुवात बायबलच्या ५ व्या स्तोत्रातल्या ओळीने, की देवा, तुझ्या नजरेसमोर मला नीट वाटेने ने. आता साध्या माणसाला कुठलं आलंय लॅटिन, कानावर पडायचा तो पहिला शब्द, मग अख्ख्या प्रार्थनेलाच दिरिगे म्हणायला लागले, आणि इंग्रजांच्या तोंडात घासून घासून त्याचं झालं डर्ज. आपण नाही का म्हणत, 'सुखकर्ता झाली, आता लवथवती घ्या', तसंच.

त्याच धातूतून डायरेक्ट आला, डायरेक्टर आला, आणि हवं तिकडे वळवता येणाऱ्या अजस्त्र फुग्याचं नाव डिरिजिबलही. हिंडेनबर्ग नावाचा जर्मन फुगा १९३७ साली माणसांसकट अमेरिकेत उतरताना जळाला, तोही डिरिजिबलच, म्हणजे डर्जचा भाऊबंद. योगायोग आहे, पण अंगावर काटा येतो.

शेक्सपिअरच्या वेळेपर्यंत शब्द पक्का मयताचा झालेला. हॅम्लेटमध्ये सख्ख्या भावाला मारून वहिनीशी लग्न केलेला राजा भर दरबारात म्हणतो की आम्ही मयतात आनंद केला आणि लग्नात डर्ज गायलं, काय निर्लज्ज माणूस आहे बघा, आणि वर ते किती गोड शब्दात!

खरी गंमत मात्र पुढेच आहे. पहाटेची प्रार्थना दिरिगे, तशी आदल्या संध्याकाळची प्लासिबो, हो, तोच प्लासिबो, औषध म्हणून देतात ती खोटी गोळी. तिचाही पहिला शब्दच, अर्थ 'मी खूश करीन', देवाला. मयताच्या घरी चार पैसे नाहीतर जेवण मिळेल म्हणून ओळख ना पाळख असलेले लोकही येऊन प्लासिबो गायचे असं सांगतात, आणि इंग्रजीत प्लासिबो गाणारा म्हणजे खुशमस्कऱ्या असा अर्थच होऊन बसला. १४ व्या शतकात इंग्रज कवी चॉसरने तर एका पात्राचं नावच प्लासिबो ठेवलं, त्याचा साठी उलटलेला सरदार भाऊ तरुण मुलीशी लग्न करायचं म्हणतो आणि हे महाशय वा वा, काय छान विचार, करत बसतात. असला एक नातेवाईक प्रत्येक लग्नाच्या बैठकीत असतोच.

मग १८ व्या शतकाच्या शेवटी डॉक्टर लोकांनी तोच शब्द उचलला, पेशंटला बरं करण्यापेक्षा खूश करण्यासाठी द्यायच्या औषधाला. म्हणजे आज औषधांच्या ट्रायलमध्ये काही लोकांना जी खोटी गोळी देतात तिचं नाव मयताच्या प्रार्थनेतून आलंय, आणि ते त्या लोकांना कुणी सांगत नाही हे एका अर्थी बरंच आहे.