डिझेल ऑटोमॅटिकची खडखड: अखेर फ्लायव्हीलपर्यंत पोचलो

गाडी मागच्या नोंदीतलीच. दोन लिटरचं चार सिलिंडर डिझेल, सहा गिअरचा ओल्या क्लचांचा ड्युअल क्लच बॉक्स (तेलात बुडालेले दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), सव्वा लाख किलोमीटर पार, त्यातले बहुतेक पुण्याच्या गर्दीतले. तक्रारही तीच. इंजिन तापलं की न्यूट्रलमध्ये बॉक्सच्या बाजूने डब्यात चिल्लर हलवल्यासारखी खडखड, आणि चावी बंद करताना एक दणका. या खेपेला मात्र सांगण्यासारखं काहीतरी हाती लागलंय.

मिस्त्रींचं मत आवाज ऐकताक्षणी ठरलं होतं: "फ्लायव्हील गेलंय साहेब, बॉक्स खाली घेऊ." अनुभवी माणूस आहे, त्यांचा कान खोटा ठरवायची माझी छाती नाही. पण बॉक्स नव्वद किलोंच्या आसपासचा, उतरवायचा म्हणजे निम्मी गाडी सोडवायची, आणि नव्या ड्युअल मास फ्लायव्हीलचा भाव ऐकला की माणूस आधी बाकीचं सगळं तपासून घेतो. शिवाय असाच आवाज काढणाऱ्या गोष्टी या इंजिनात चार तरी आहेत.

आधी ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि बॉक्समधलं जड दुहेरी चाक, त्याच्या आत काय असतं ते थोडक्यात. एक तबकडी क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) बोल्टने घट्ट, दुसरी बॉक्सच्या बाजूला, आणि दोघींमध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब वाकड्या स्प्रिंगा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे 800 आरपीएमला सेकंदाला साधारण 27 धक्के. हे धक्के स्प्रिंगांनी गिळायचे, बॉक्सपर्यंत पोचू द्यायचे नाहीत. या जोडीची स्वतःची कंपनसंख्या मुद्दाम आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या संथ वेगाच्या, खाली ठेवलेली असते. त्यामुळे चालू होताना आणि बंद होताना इंजिनाला त्या पट्ट्यातून जावंच लागतं. स्प्रिंगा थकल्या, ग्रीस उडालं, की पहिली बोंब तिथेच होते.

पण बंद करतानाचा दणका हा एकटा पुरावा धरू नका. या डिझेलमध्ये हवेच्या वाटेवर एक झडप असते. चावी बंद केली की ती मिटते, इंजिनाची हवा तोडते आणि इंजिन गुपचूप थांबतं. ईजीआरच्या (धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेच्या) काजळीने ती अडकली, की सिलिंडर हवा दाबतच राहतात आणि गाडी थरथरून थांबते, अगदी फ्लायव्हील गेल्यासारखी. पाइप सोडून टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर झडपेच्या कडेला काजळीचा ओला, डांबरासारखा थर, आणि चावी बंद केल्यावर ती अर्ध्यातच थांबत होती. साफ केली, आता पूर्ण मिटते. दणका निम्म्याने कमी झाला. खडखड जशीच्या तशी. म्हणजे दुखणी दोन होती, आणि नुसतं फ्लायव्हील बदलून दणक्याचं पूर्ण समाधान झालंच नसतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात किफायतशीर तास हाच.

अल्टरनेटरची एकतर्फी पुली हा दुसरा संशयित. ती अडकली की पट्टा फडफडतो आणि बंद करताना खर्रकन आवाज येतो. पट्टा काढून इंजिन काही सेकंद चालवलं. माझ्या इंजिनात पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर आहे म्हणून हे चालतं. तुमचा पंप बाहेरच्या पट्ट्यावर असेल तर हा प्रयोग लांबवू नका. पट्ट्याशिवायही खडखड तशीच, म्हणजे पुली निर्दोष सुटली. इंजिनाचे माउंट, म्हणजे रबरी आधार, तेही पाहिले, फाटलेले नाहीत, तेल गळत नाही.

इंजेक्टरसाठी स्कॅनर लावला. आयडलला प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जास्त-कमी द्यावं लागतंय ते दिसतं. चारही आकडे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. तरी खात्री म्हणून मोबाइल सीटच्या रुळावर चिकटवला आणि त्याच्या ॲक्सेलरोमीटरचा (कंपनं मोजणाऱ्या सेन्सरचा) आलेख काढला. फोनचा माइक इतक्या खालच्या कंपनांना निकामी आहे, ॲक्सेलरोमीटर वापरा. 800 आरपीएमला एखादा सिलिंडर कमजोर असेल तर 6.7 हर्ट्झला शेंडा दिसायला हवा, कारण तो दर दोन फेऱ्यांत एकदाच दगा देतो. तिथे सपाट. 27 ला शेंडा आहे, तो असणारच. पण 13.3 लाही एक बऱ्यापैकी उंच शेंडा निघाला, म्हणजे दर फेऱ्याला एकदा काहीतरी हलतंय. सिलिंडर निर्दोष आणि फिरणारा भाग संशयित, इतकं तरी यावरून म्हणता येतं.

मग भाराचा खेळ. न्यूट्रलमध्ये खडखड स्पष्ट. ब्रेक दाबून डी टाकला की आवाज दबतो, कारण क्लच किंचित धरतो आणि ढिल्या जोडांवर ताण येतो. ॲक्सेलरेटर हलकेच दाबून इंजिन 950 वर नेलं की खडखड गायब. खंबाटकी चढताना काहीच नाही, पण सिंहगड रोडवर बॉक्स घाईघाईने वरचा गिअर टाकतो आणि काटा 1300 च्या आसपास रेंगाळतो, तेव्हा फरशीतून गुरगुर येते. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं तर टायमिंगच्या बाजूला शांत, बेल हाउसिंगवर, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या कवचावर, कडकड.

शेवटी स्टार्टर काढून त्याच्या भोकातून एंडोस्कोप, म्हणजे बारीक वायरीचा कॅमेरा, आत सोडला. बाहेरच्या भिंतीवर ग्रीसचे शिंतोडे, वर्तुळात उडालेले. आणि मध्यभागी, जिथे क्लचचा दांडा फ्लायव्हीलच्या खाचांत बसतो, तिथे तांबूस बारीक भुकटी. लोखंड लोखंडावर कोरडं घासलं की येते ती. ही भुकटी पाहिल्यावर माझ्यापुरता वाद मिटला. मिस्त्रींना फोटो पाठवला, त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठी (ज्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी तेलातून जोर पोचतो) एक सूचना: तुमच्या गाडीत बहुधा हे फ्लायव्हीलच नाही. तिथे पातळ पत्र्याची ड्राइव्ह प्लेट असते. तिला बोल्टांभोवती तडे गेले किंवा बोल्ट सैल झाले की ठकठक येते, आणि ती ऐकून "फ्लायव्हील गेलं" असं सांगणारेही भेटतात. आधी बॉक्स कोणता ते बघा.

"दोन दात हललं की गेलं" हा ठोकताळाही सगळीकडे फिरतो. दुसरी तबकडी हाताने किती फिरावी आणि किती डुलावी, याची मापं प्रत्येक मॉडेलची वेगळी आहेत. नव्या फ्लायव्हीललाही थोडी मोकळीक असतेच. माझं माप बॉक्स उतरल्यावर घेईन, तेही त्याच पार्ट नंबरच्या तक्त्याशी ताडून.

सिंगल मास, म्हणजे स्प्रिंगा नसलेलं एकसंध फ्लायव्हील, बसवून पैसे वाचवा, हा सल्ला नाना पेठेत दुकानातच मिळाला. मी तो घेणार नाही. स्प्रिंगांनी गिळायचे धक्के मग थेट क्लच आणि गिअरांना जातील, आणि या बॉक्सचा क्लच पॅक काही स्वस्तात येत नाही.

बॅटरीही बदलतोय. स्टार्ट करताना व्होल्टेज फार पडत होतं. स्टार्टर रडत फिरला की इंजिन त्या वाईट पट्ट्यात जास्त वेळ अडकतं आणि मार स्प्रिंगांना बसतो. गर्दीत आता एस (स्पोर्ट) मोडमध्ये चालवतो, म्हणजे बॉक्स वरचा गिअर उशिरा टाकतो, डिझेल थोडं जास्त जातं, जाऊ दे.

पार्ट मागवलाय. क्रँकचे बोल्ट नवेच घेतलेत, कारण ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. क्रँकचं मागचं ऑइल सील हाताशी ठेवलंय, ओलं दिसलं तर त्याच वेळी बदलू. या बॉक्समध्ये क्लच आपल्या झाकणाआड बॉक्ससोबतच उतरतात, फ्लायव्हील क्रँकवर राहतं, त्यामुळे क्लच उघडायची वेळ येऊ नये. गिअर ऑइल तरीही बदलणार, त्याची पाळी जवळ आलीच होती. जुनं फ्लायव्हील भंगारात द्यायचं नाही असं मिस्त्रींना बजावलंय. ग्राइंडरने कापून आतल्या स्प्रिंगांचे फोटो पुढच्या नोंदीत टाकतो.