करपलेली पोळी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

मामीकडून आत्ताच आले. डोकं भणभणतंय, झोप येणार नाही.

सकाळी आठलाच फोन. "अगं, तू ये बाई, तुझं ऐकते ती." गेले तर मामा गॅलरीत पाठ करून बसलेला, मामी ओट्याशी आणि धाकटी मामेबहीण आतल्या खोलीत, दार लोटून. झालं असं, की तिचं डेटिंग ॲपवरचं प्रोफाइल सोसायटीच्या भिशीच्या ग्रुपवर फिरलं. ट्रेकचा फोटो, अंगात विंडचीटर, खाली एक ओळ : 'सध्या सिरियस काही नको.' बास, एवढंच. सत्तावीस वर्षांची, स्वतःच्या गाडीचा हप्ता स्वतः भरणारी मुलगी, आणि घरात सुतक असल्यासारखं.

टाकलं कुणी? शेजारच्या काकूंनी. त्यांना कुठे सापडलं? मुलाने दाखवलं.

मी म्हटलं, "मामी, आणि तो मुलगा तिथे काय करत होता? भाजी आणायला गेला होता?"

मामी थांबली. पोळी तव्यावर तशीच. मग म्हणाली, "त्याचं काय गं, मुलगाच तो." आणि पोळी उलटली. एका बाजूने करपली होती. ती तिने स्वतःसाठी बाजूला काढली.

त्या ॲपवर स्वतःचं खातं उघडल्याशिवाय दुसऱ्याचा चेहरा दिसत नाही. मुलगी किती वयाची हवी, किती किलोमीटरच्या आतली हवी, हे सगळं भरावं लागतं. म्हणजे त्या बाबाने आरशासमोर स्वतःचे फोटो काढले, त्यातले बरे निवडले, अंगठा फिरवत फिरवत आमच्या पोरीपर्यंत पोचला, आणि मग एकदम त्याला संस्कृती आठवली! त्याचं प्रोफाइल मात्र कुठल्याच ग्रुपवर गेलं नाही. कुणी मागितलंसुद्धा नाही.

आमची आजी म्हणायची, पुरुष म्हणजे पितळेचं भांडं, चिंच लावून घासलं की लख्ख. बाई म्हणजे मातीचं मडकं, बाटलं की फोडायचं. तिच्या घरात सोवळं होतं, तिला तो हिशोब पाठ होता. आता घरात ना पितळ ना मडकी, सगळं स्टील आणि नॉनस्टिक, पण हिशोब तोच. तो करतो ती मजा, हिचं ते लफडं. तो 'अजून लहान आहे', ही 'वाया गेली'.

रिक्षात ताराबाई शिंदे आठवल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःचं मूल मारल्याचा खटला झाला, १८८१ मध्ये. आधी फाशी, मग ती शिक्षा कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रं समस्त बायकांची अब्रू काढायला लागली, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईने 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना भर बाजारात उभं केलं. १८८२ साली! जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का, हाच तर त्यांचा सवाल. मी आज ओट्याशी भाजीवरून विचारला तो काही नवा नव्हता.

पण मी तरी कोण लागून गेले? गेल्या दिवाळीत फराळाला आतेभाऊ त्याच्या एका वर्षातल्या तीन मैत्रिणींच्या गोष्टी रंगवून सांगत होता, तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच हसले. वर 'वहीत लिहून ठेव रे, नावं विसरशील' असंही म्हटलं. माझ्या कांदेपोह्यांच्या वेळी ह्यांनी आधीची दोन प्रकरणं मोकळेपणाने सांगितली. आई किती खूश झाली, "मुलगा प्रामाणिक आहे हो." माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, कुणीच नव्हतं. बंगळुरूचे आठ महिने मी तिथल्या तिथे गिळले. लग्नाचं वचन नाही, भांडण नाही, छान चाललं आणि छान संपलं. अजून ह्यांना माहीत नाही.

दुपारी धाकटीने दार उघडलं. डोळे सुजलेले, हातात फोन. प्रोफाइल काढून टाकलं होतं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "ताई, तू कधी असं काही केलं होतंस?"

मामी दारात चहाचे कप घेऊन उभी होती.

"छे गं," मी म्हटलं, "मला कुठला वेळ असल्या गोष्टींना."