मेक्सिकन चांदीचे ठसे वाचताना

जुन्या मेक्सिकन चांदीचा दागिना उलटा करून पाहिला की बहुतेकांची नजर आधी गरुडाच्या शिक्क्याकडे जाते आणि तो दिसला की त्यांचे समाधान होते. माझ्या मते मात्र कारागीर ओळखण्याच्या दृष्टीने गरुड हा बराच दुबळा पुरावा आहे. हा सरकारी शिक्का १९४८ च्या सुमारास आला. सुरुवातीच्या काळात गरुडावरचा आकडा एखाद्या कार्यशाळेपुरता असे, जसे की मार्गोट दे तास्को यांचा १६ आणि अंतोनियो पिनेदा यांचा १७. पण पुढे ३ हा आकडा तास्को या मेक्सिकोतल्या चांदीकामाच्या गावातल्या असंख्य कारागिरांच्या कामावर सर्रास उमटू लागला. तेव्हा ३ आकड्याच्या गरुडावरून दागिना कोणी घडवला, हे ठरवता येत नाही.

त्यापेक्षा शुद्धतेचा आकडा पुष्कळदा अधिक बोलका ठरतो. ९२५, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, सगळीकडेच आढळतो, परंतु एक्तोर आगिलार (Héctor Aguilar) यांच्या कार्यशाळेने ९४० आणि पिनेदा यांनी ९७० शुद्धतेची चांदी वापरली. म्हणूनच एच आणि ए ही जोडलेली अक्षरे, तास्को हे गाव आणि ९४० हा आकडा एकाच कड्यावर एकत्र दिसले, तर त्या तिन्ही खुणा एकमेकींची साक्ष देतात. त्यातच गरुड नसेल, तर ते कडे १९४८ पूर्वीचे असण्याची शक्यता बळावते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस गरुडाची जागा अक्षरे आणि आकडा यांच्या नोंदणी क्रमांकाने घेतली. त्यातले पहिले अक्षर गावाचे, म्हणजे तास्कोसाठी टी, आणि दुसरे कारागिराच्या नावाचे किंवा आडनावाचे. विल्यम स्प्रॅटलिंग यांच्या बाबतीत हा क्रमांक विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यांनी १९३१ मध्ये तास्कोत कार्यशाळा उघडली आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अक्षरांशेजारी टी, एस आणि २४ असा क्रमांक असेल, तर तो दागिना त्यांच्या पश्चात काम पुढे चालवणाऱ्यांनी घडवलेला असतो. तो बनावट नव्हे, पण स्प्रॅटलिंग यांच्या हयातीतलाही नव्हे, आणि विकणाऱ्याने हा फरक स्पष्ट सांगायलाच हवा, असे मला ठामपणे वाटते.

बनावट ठसा ओळखायचा असेल, तर भिंगाला पर्याय नाही. पोलादी ठशावर हातोडी मारून उमटवलेल्या अक्षराच्या कडा स्वच्छ असतात, तळ गुळगुळीत असतो आणि भोवतालचा धातू किंचित वर आलेला दिसतो. मूळ दागिन्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत ठसाही साच्यातूनच उतरतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि त्यांच्या तळाशी बारीक खड्डे दिसतात. सगळी पाठ वापराने झिजलेली असताना फक्त अक्षरे करकरीत असतील, तर तो ठसा मागाहून मारल्याचा संशय घ्यावा. अल्पाका असे लिहिलेले असेल, तर प्रश्नच मिटतो. त्या मिश्रधातूत चांदी नसतेच.