प्रिंटर सारखा ऑफलाइन का जात होता

परवा लाईट जाऊन आली आणि प्रिंटर परत ऑफलाइन, बाबांना बँकेचा फॉर्म हवा होता आणि मी तासभर ड्रायव्हरच (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढत घालत बसलो. ड्रायव्हरचा दोष नव्हताच. राउटरने प्रिंट सर्व्हरला, म्हणजे प्रिंटर नेटवर्कला जोडणाऱ्या डबीला, नवीन आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला होता, पत्त्याच्या शेवटी ५० होतं तिथे ५३ झालं आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय. मग राउटरमध्ये त्याचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून आयपी कायमचा बांधून दिला, झालं सुरू.

पण आत शिरलोच होतो म्हणून बघितलं तर सर्व्हरचा पासवर्ड अजून डब्यातून आला तोच, अ‍ॅडमिन! तुमचाही तसाच असेल तर आजच बदला खरंच, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफायला जोडायची सोय) बंद करा, आणि ९१०० पोर्ट (छापायचा मजकूर प्रिंटरकडे जातो ती नेटवर्कची वाट) इंटरनेटकडे उघडा ठेवू नका, तिथे सहसा पासवर्ड विचारलाच जात नाही, येईल ते छापलं जातं. पाहुण्यांना आता गेस्ट वायफायच देतो.