घर २

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. डावा हात सकाळपासून हातमोजा घातल्यासारखा आहे, त्यामुळे वही सारखी सरकतेय. सरकू दे.

झालं एवढंच. सिलिंडरवाला दारात, हा आंघोळीला आणि ओटीपी याच्या फोनवर. मी फोन उचलला, आकडे वाचून दाखवले आणि ठेवता ठेवता दिसलं, ‘घर २’. आमचा ग्रुप ‘घर’, त्यात आम्ही दहा जण. ‘घर २’ मध्ये नऊ. उगाच दोनदा मोजले. कोण नाही हे कळायला मोजायची काय गरज होती?

उघडला नाही मी. बरं, उघडला. वहिनीचा मेसेज होता, ‘तिला इतक्यात नको सांगूया, टेन्शन घेईल.’ आणि त्याखाली आईचा अंगठा.

आईला अजून धड टाइप करता येत नाही. ‘जेवलीस का’ लिहायला तिला पाच मिनिटं लागतात. पण अंगठा बरोबर जागेवर दाबलाय.

‘टेन्शन घेऊ नकोस’ हे मी २०१७ पासून ऐकतेय. जणू कोपऱ्यावरच्या दुकानात टेन्शन मिळतं आणि मीच रोज संध्याकाळी पिशवी घेऊन जाते. एमएसमुळे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) डावा डोळा गेला होता तेव्हाची गोष्ट. कुंकू विटकरी दिसायचं. तीन दिवस सलाइनमधून रोज एक ग्रॅम स्टिरॉइड, तोंडात नाणं चघळल्यासारखी चव, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना दारात वळून तेच म्हणायचा. घेऊ नकोस. घेतलं नाही तर मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, शहाण्यासारखं जागेवर राहील, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. माझ्याही होतं. प्रत्येक रिलॅप्सनंतर, म्हणजे आजार पुन्हा उसळला की, मी मागे जाऊन शोधायची, कुठल्या भांडणामुळे झालं हे. भांडण सापडतंच. कुणाच्या घरात नसतं?

मग वाचायला लागले. ताणाचा आणि रिलॅप्सचा संबंध आहे, हे खरंच. पण तो ‘बटण दाबलं, दिवा लागला’ असा नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडत होती, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आपल्या एमएसच्या पेशंटांचा हिशोब ठेवला. रिलॅप्स वाढले नाहीत, कमी झाले. २००६ मध्ये लेबनॉनमध्ये युद्ध झालं, तिथे मात्र वाढले. म्हणजे घ्या! अमेरिकेत १२१ जणांना घेऊन एक चाचणी झाली होती, त्यातल्या काहींना २४ आठवडे ताण हाताळायला शिकवलं. तेवढ्या काळात त्यांच्या एमआरआयवर नवे डाग कमी दिसले. शिकवणं थांबलं आणि फायदाही टिकला नाही. हे मला का कोण जाणे फार आवडलं. कुणीतरी वरचेवर समोर बसून नीट ऐकत होतं, तोवर बरं होतं.

ऐकत होतं. लपवत नव्हतं.

दिवसभर तो अंगठा डोळ्यांसमोर. भाजी चिरताना, ऑफिसच्या कॉलवर, सगळीकडे. वहिनीचा राग आला नाही, तिचा स्वभावच तो. दादाचाही नाही. आईनं मला दुसऱ्यांच्या दारात उभं केल्यासारखं वाटलं. लहानपणी माझ्यापासून काही लपवायचं असलं की ती बाबांशी अर्धं कन्नड बोलायची. तेव्हा मला कन्नड येत नाही असं तिला वाटायचं. बाबा गेले तेव्हाही मला दोन तास उशिराच... जाऊ दे, ते आज नको.

संध्याकाळी याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, कोणाला काय झालंय? आईला? तुझी नोकरी? हा इतका गोंधळला की मला जवळजवळ खात्रीच पटली.

लिफ्ट.

लिफ्ट बदलणार आहेत. १ मे पासून पंचेचाळीस दिवस बंद. आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

मी हसले. खरंच हसले, आणि मग बसावं लागलं. “म्हणजे कधी सांगणार होतात? पहिल्या पायरीवर?” पुण्याचा मे, चोपन्न पायऱ्या आणि मी. १८९० मध्ये ऊटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं लिहून ठेवलंय, की अशा पेशंटांची नजर श्रमानं अंधुक होते आणि विसावल्यावर परत येते. अंग अर्धा अंश तापलं तरी पुरतं. हे काही टेन्शन नव्हे, ही तयारी करायची गोष्ट आहे. मला महिनाभर आधी कळलं असतं तर मी जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची मागितली असती, ऑफिसला घरून कामाचा अर्ज टाकला असता. अर्ज करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तर ठरलंय असं, की मी दीड महिना आईकडे जायचं. तळमजला. वहिनीनं कूलर पाहून ठेवलाय. आई तिची खिडकीजवळची कॉट मला देणार आणि स्वतः आतल्या खोलीत झोपणार. तो अंगठा बहुधा त्याचाच होता. किंवा ‘नको सांगूया’चा. विचारणार नाही.

तशी हाताबद्दल मीही याला काही बोललेले नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, चोवीस तास टिकलं तर फोन करा. आत्ताशी सतरा होतायत. आजचं ऊनच असेल. उगाच कशाला याची झोप... हो, कळतंय मला.

“मग तुला कळलंय हे ग्रुपवर टाकू?” यानं विचारलं.

“कुठल्या?”

बिचारा गप्प झाला. मीच म्हटलं, नको टाकूस, चालू दे त्यांचं. पण खुर्च्यांचं सोसायटीला उद्या मीच बोलेन. कॉट आईची, पण उशी माझी नेणार, तिची दगडासारखी आहे. कूलरचं पाणी रोज कोण भरणार, हेही ‘घर २’ मध्ये ठरलं असेलच.

आत्ता ‘घर’वर आईचं शुभरात्री आलंय. गुलाब, दव, दोन पक्षी. मी अंगठा दिला.