सातवी किल्ली

आमच्या कार्यालयातील हिशेबाच्या लिनक्स सर्व्हरवर दुरून टर्मिनल कोणाकोणाला उघडता येते, हे गेल्या महिन्यात तपासले, तेव्हा अधिकृत किल्ल्यांच्या, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्ल्यांच्या, फाइलमध्ये सात ओळी निघाल्या. माणसे मात्र सहाच होती. सातव्या ओळीच्या शेवटी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपचे नाव होते. त्याचे खाते मीच कुलूपबंद केले होते, पण त्या आज्ञेने केवळ पासवर्ड निकामी होतो आणि एसएसएच या दुरून सुरक्षित प्रवेश देणाऱ्या प्रोग्रामची किल्ली पूर्वीसारखीच चालते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. खात्याची मुदत संपवणे आणि ती ओळ खोडणे, ही दोन्ही कामे करायला हवी होती.

त्यानंतर रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, थेट प्रवेश व पासवर्डने होणारा प्रवेश बंद केला आणि एका ठरावीक गटातील खात्यांनाच परवानगी ठेवली. हे बदल करताना एक टर्मिनल उघडेच ठेवले आणि सेवा पुन्हा सुरू करण्याआधी ‘एसएसएचडी -टी’ ही तपासणीची आज्ञा चालवून सेटिंगची फाइल तपासली, कारण एका चुकीच्या अक्षरापायी आपणच दाराबाहेर राहण्याची वेळ येते.

पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर एसएसएचची जोडणी स्वीकारतो तो, बदलावा का, असे मालकांनी विचारले. ताटू युलोनेन यांनी 1995 मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात असताना एसएसएच लिहिले, तेव्हा फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा 21 आणि दुरून प्रवेश देणाऱ्या जुन्या टेलनेटचा 23 यांच्यामधला 22 हा क्रमांक मागून घेतला होता. तो बदलल्याने लॉगमधील, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींतील, आपोआप होणाऱ्या प्रवेश-प्रयत्नांचा गोंगाट घटतो, एवढेच. म्हणून मी तो तसाच ठेवला.