बटण लावू नये

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. एका एकांकिका स्पर्धेच्या तालमी चालू होत्या. एक पोरगा दुकानात आला, हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "काकू, एक जुना कोट पाहिजे. कुठलाही चालेल, जुना दिसला म्हणजे झालं."

कुठलाही म्हणे. आमच्याकडे कोट तेवीस आहेत आणि त्यातला एकही "कुठलाही" नाही.

"कोट घालणार कोण?"

"एक काका आहेत. पंचाहत्तरीचे. काकू गेल्यात. दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन काढायला बँकेत जातात, ते लग्नातला सूट घालून. लग्न चौऱ्याहत्तरचं. बाकी सगळे आत्ताच्याच कपड्यांत."

"मग तो जुना कोट कसा? त्यांच्या लेखी तो त्यांचा ठेवणीतला कोट आहे."

पोरगा दिग्दर्शक होता, तेव्हा लगेच पटण्याचा प्रश्नच नव्हता. "तेच ते काकू," म्हणाला. ते तेच नव्हतं, पण का नव्हतं हे मलाही तेव्हा धड सांगता आलं नाही. म्हणून आता लिहिते आहे.

आमचं दुकान ड्रेपरीचं, म्हणजे नाटकांचे, नाचांचे कपडे भाड्यानं द्यायचं. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, नाशकात मेन रोडच्या मागच्या बोळात ते काढलं. मी सून म्हणून आले तेव्हा भाड्याच्या वहीत चार रकाने होते: पौराणिक, ऐतिहासिक, पेशवाई, सामाजिक. आजही तेच आहेत. पेशवाई ऐतिहासिक नाही का, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "पेशवाईला पगड्या वेगळ्या लागतात," अण्णा म्हणाले. विषय संपला.

आता खरं सांगायचं तर चुकीच्या काळातले कपडे हाच आमचा धंदा आहे. आमच्या मावळ्यांचे आणि सरदारांचे जामे मागून वेलक्रोनं लागतात. खरा जामा छातीवर एक पदर दुसऱ्यावर घेऊन बगलेशी बंदांनी बांधायचा. मोगल काळात तर हिंदूंनी डावीकडे आणि मुसलमानांनी उजवीकडे बांधायचा, असा संकेतच होता. पण गॅदरिंगमध्ये दोन नाचांच्या मध्ये चाळीस पोरांचे बंद कोण बांधणार? वेलक्रो विसाव्या शतकाच्या मध्यावरचा. नऊवारी शिवलेली, आत इलॅस्टिक. धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते तेव्हा आमच्या बोळात सकाळपासून रांग असते. कृष्ण, शिवाजी, राम, खंडोबा, सगळी पोरं आपापल्या देव्हाऱ्यातला टाक घेऊन एकाच वेळी गोदाघाटाकडे निघतात. कोण कुठल्या शतकातलं, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. विचारूही नये.

सगळ्यात जास्त चूक आम्ही सीतेच्या बाबतीत करतो. आणि तीही नाशिकमध्ये राहून. जानेवारीत आया येतात: वनवासातली सीता हवी, भगवी साडी, मॅचिंग ब्लाउज, रुद्राक्षाच्या माळा. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त संस्कृतचे सर राहतात. त्यांनी मला एकदा वाल्मीकीचं सगळं नीट सांगितलं. कैकेयी तिघांसाठीही वल्कलं आणते. सीतेला ती नेसताच येत नाहीत, हातात घेऊन नुसती उभी राहते, मग राम स्वतःच तिच्या रेशमी वस्त्रावरून ती बांधतो. वसिष्ठ चिडतात. शेवटी दशरथ कोठारातून चौदा वर्षं पुरतील एवढी वस्त्रं आणि दागिने मोजून आणायला सांगतो. आणि रावण पर्णकुटीच्या दारात येतो तेव्हा सीता पिवळ्या रेशमात असते. पुढे ती खाली वानरांच्या दिशेनं दागिने टाकते ते उत्तरीयात. म्हणजे आमच्या पंचवटीत, सीतागुंफेच्या परिसरात, ती भगव्यात नव्हतीच.

हे मी एका आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, पण पिवळ्यात ती हळदीची नवरी वाटेल हो." भगवी घेऊन गेली. बरोबरच होतं तिचं.

ही आपली नजर तयार कुणी केली, तर बरीचशी रविवर्म्यानं. त्याच्या पुष्कळ देव्या नऊवारीच्या धाटणीत, आणि १८९४ मध्ये त्यानं छापखाना काढल्यावर ती चित्रं घरोघर गेली. त्या छापखान्यासाठी लिथोचं काम केलेले एक गृहस्थ मूळचे आमच्या त्र्यंबकेश्वरचे, दादासाहेब फाळके. त्यांनी १९१३ मध्ये हरिश्चंद्र पडद्यावर आणला. तारामती झाले होते अण्णा साळुंके, आधी हॉटेलात काम करणारे, आणि तेही साडीतच. पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही तेच. नाटकात बालगंधर्वांची रुक्मिणी आली १९१६ मध्ये. तिचे शालू बघून बायका तसे शालू घ्यायला लागल्या. द्वापरयुगातली रुक्मिणी आणि फॅशन त्या वर्षीची! कुणालाही खटकलं नाही.

फाळके स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे, आणि मला ही जागा भलतीच चपखल वाटते. खाली कॅलेंडरातल्या कपड्यांना हलतं-चालतं करणारा माणूस, आणि पायऱ्या चढून वर गेलं की दोन हजार वर्षांपूर्वीचे कपडे दगडात. कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, डोक्याला गाठ मारलेलं पागोटं, बायकांच्या पायांत जाडजूड वाळे. मुलीबरोबर गेले की मी तिथे शिलाई शोधत बसते आणि ती माझी वाट बघत बसते. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, महिना शेकडा एक व्याजानं. त्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यासाठी द्यायचे. वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. हिशेब चोख. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरकडचं गोवर्धन. कपडेपटाचं बजेट इतकं व्यवस्थित मी नाशकात नंतर कुठेच पाहिलं नाही.

पण त्या दगडातले कपडे मी शिवून, म्हणजे न शिवता, ठेवले तर भाड्यानं कोण नेणार? लोकांना खरा काळ नको असतो, ओळखीचा हवा असतो. ही चूक आमची, ड्रेपरीवाल्यांची. सीतेला तिचा पत्ताही नाही, आणि प्रेक्षकालाही तो लागत नाही.

त्या पोराच्या काकांचं उलट होतं. तिथे चूक काकांची होती. सगळ्या प्रेक्षागृहाला ती दिसायला हवी, फक्त काकांना नाही. मी "कुठलाही" कोट दिला असता तर ती चूक परत माझी झाली असती. लोक म्हणाले असते, ड्रेपरीत दुसरा नव्हता वाटतं.

अशी स्वतःहून चुकलेली माणसं मला फार आवडतात. डॉन किहोते, १६०५ मधला. पणज्या-खापरपणज्यांचं गंजलेलं चिलखत घासूनपुसून घालतो. शिरस्त्राणाला तोंडावरची झडप नसते म्हणून पुठ्ठ्याची करतो, आणि टिकते का बघायला तलवारीचा वार करतो. आठवड्याभराचं काम एका फटक्यात खलास. मग आतून लोखंडी पट्ट्या लावून पुन्हा करतो आणि या वेळी तपासतच नाही! हे लिहिणारा माणूस कधीतरी कपडेपटात काम करून गेला असावा, अशी माझी दाट शंका आहे. आम्ही दुसऱ्यांदा कधीच तपासत नाही.

डॉक्टर हू मुलीमुळे कळला. १९६३ पासूनची बीबीसीची मालिका. हा माणूस कुठल्याही काळात जाऊ शकतो आणि कुठल्याच काळात धड बसत नाही. नट बदलला की डॉक्टरचा वेशही बदलतो: पहिला डॉक्टर शंभर वर्षांपूर्वीच्या आजोबांसारखा, चौथ्याच्या गळ्यात जमिनीपर्यंत लोळणारा मफलर. त्या मफलरची गोष्ट अशी, की विणणाऱ्या बाईंना लोकर दिली भरपूर आणि किती वापरायची ते सांगितलं नाही. त्यांनी सगळी विणून टाकली. मला त्या बाईंना भेटायचंय.

पण कोट शिवायला मला कामाला आली डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधली मिस हॅविशम. बी. ए.ला डिकन्स होता, तेव्हा परीक्षेपुरतीच वाचली होती. लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा फिरकला नाही, ते कळलं तेव्हा घड्याळात नऊला वीस मिनिटं होती. तिनं सगळी घड्याळं तिथेच थांबवली आणि तो वेश पुढे अंगावरून उतरवलाच नाही. एक बूट पायात, दुसरा टेबलावर, कारण बातमी आली तेव्हा एकच घालून झाला होता. हे सगळं सगळ्यांना आठवतं. मला त्या दिवशी आठवलं ते वेगळं. डिकन्स म्हणतो की तो पोशाख एका भरल्या अंगाच्या तरुणीवर चढवलेला होता आणि आता त्याच्या आतलं अंग वाळून हाडं-कातडं झालंय. पांढऱ्याचं पिवळं होणं कुणीही दाखवेल. इथे कपड्याचं माप अजून तेव्हाचंच आहे.

बास. काकांचा सूट आज काम करणाऱ्या नटाच्या मापाचा शिवायचाच नाही. चौऱ्याहत्तरच्या नवरदेवाचा शिवायचा.

नट म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, पोट बऱ्यापैकी. मी छाती छत्तीस धरली, कंबर तीस. कापड बाजारात एका दुकानाच्या मागच्या फळीवर तपकिरी टेरीवूल सापडलं, दुकानदाराला वाटलं मी थट्टा करतेय. रुंद कॉलर, बेलबॉटम. कोट झाला तेव्हा इतका देखणा झाला की मोडायला जिवावर आलं.

दिग्दर्शक म्हणाला, चहाच्या पाण्यात बुडवा. हे सगळ्यांना माहीत असतं. पण चहा पांढऱ्या सुती कपड्याला. गडद टेरीवूलवर दिसणार काय? आणि महिन्यातून एकदा घातलेला कोट सगळीकडून सारखा जुना होत नाही. खांद्यावर, जिथे हँगर लागतो तिथे उडतो. कॉलरच्या आतून घामानं काळवंडतो. उजवा खिसा खाली ओघळतो, कारण त्यात पासबुक. हे सगळं मी केलं. कोपरावर पॉलिश पेपर फिरवला आणि मांड्यांवर ओला कपडा न घालता थेट इस्त्री मारली, म्हणजे ती वर्षानुवर्षं घासल्याची चकाकी येते.

राहिली पँट. तीस कमरेची पँट चाळीसला कशी लागणार? मागच्या शिवणीत मी मुद्दाम भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडली होती. ती आधी एकदा उसवून अर्धी सोडवली आणि घरगुती हातशिलाईचे टाके घातले, बारीक, एकसारखे. ते काकूंचे. मग पुन्हा उसवून उरलेली सोडवली. त्याला काळा दोरा, तपकिरी कापडावर, टाके वाकडेतिकडे आणि नको तितके घट्ट. तेही पुरेना, म्हणून हुकाच्या जागी नाडीचा तुकडा. ऊन न लागलेल्या कापडाची गडद पट्टी मागे उघडी पडली होती. कोटाखाली झाकली जाते. साईखेडकर नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसलात तरी दिसणार नाही.

रंगीत तालमीला त्या गृहस्थांनी पँट उलटी करून बघितली. "वहिनी, इथे काळा दोरा लागलाय तुमच्याकडून."

"माझ्याकडून नाही," मी म्हटलं, "तुमच्याकडून."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, परत टाक्यांकडे बघितलं, आणि पँट सुलटी केली. त्यानंतर तालमीत ते बँकेच्या रांगेत उभे राहायचे ते एक हात मागे कमरेवर ठेवून, जणू काही उसवेल. दिग्दर्शकाला वाटलं, त्यांना स्लिपडिस्क आहे.

प्रयोगाला पहिल्या प्रवेशात बेलबॉटम बघून हशा पिकला. दुसऱ्यांदा थोडा कमी. तिसऱ्या एक तारखेला कुणी हसलं नाही.

वेशभूषेचं बक्षीस दुसऱ्या एकांकिकेला मिळालं. तिच्यात मावळे होते. जामे आमचेच, मागून वेलक्रोचे.

सूट परत आला, मी तो धुतला नाही, नुसता वाळवून टांगला. जानेवारीत एक मंडळ आलं, त्यांना सत्तरच्या काळातला नवरदेव हवा होता. त्यांच्या पोरानं अंगात घालून बघितला. सडपातळ पोरगा, छत्तीस छातीचा, त्याला तर तो अगदी शिवल्यासारखा बसला. "काकू, मस्तच आहे की! जरा ड्रायक्लीन करून द्या." मी नाही म्हणाले. हा नवरदेवाचा सूट नाही, हे त्यांना समजावताना माझी फार तारांबळ उडाली. शेवटी अर्ध्या भाड्यात दुसरा निळा कोट दिला.

ते गेल्यावर वही उघडली. सूट अजून चढवलाच नव्हता. कुठल्या रकान्यात घालावा यावर पेन बराच वेळ अडलं. मग लिहिलं: सामाजिक. तपकिरी सूट, एक. काकांचा. मापानं देऊ नये. बटण लावू नये.